म्हाताऱ्या गिनी पिगचं पेलेट: आधी काटा, मग पाकीट

नागपूरच्या महाल भागात 31 वर्षं माझं किराण्याचं दुकान होतं. दुकान आवरलं त्याच वर्षी पोट्टी, म्हणजे माझी मुलगी, नोकरीसाठी पुण्याला गेली आणि जाताना दोन गिनी पिग माझ्या गळ्यात बांधून गेली. "बाबा, दोन-तीन महिन्यांत घेऊन जाते." त्याला आता साडेचार वर्षं झाली. एक लालसर तपकिरी, तिचं नाव तर्री. दुसरं पांढरं, त्याचं नाव पोहा. विकणाऱ्यानं पोहा नर म्हणून दिला होता, निघाली मादी. नाव तेच राहिलं.

आता पोट्टीच्या मैत्रिणी मला फोन करतात. "काका, आमचं गिनी पिग पाच वर्षांचं झालं, कोणतं पेलेट देऊ?" पेलेट म्हणजे दळून, दाबून केलेले खाण्याचे दाणे. मी उलट विचारतो, वजन किती? पलीकडे शांतता. मागच्या महिन्यात किती होतं? आणखी शांतता. मग मी म्हणतो, पेलेटचं नंतर पाहू, आधी काटा आण.

गिनी पिग साधारण पाच ते सात वर्षं जगतं, एखादं आठही काढतं. म्हणजे चार वर्षं ओलांडली की ते म्हातारपणाकडे झुकलं म्हणायचं. पण म्हातारं झालं म्हणून लगेच पेलेट बदलायला हवं असं नाही. पाकिटावर "सिनियर" लिहिलेलं असेल तर त्या शब्दाचे पैसे देऊ नका. दुकानात मीसुद्धा "स्पेशल" लिहिलेला तांदूळ दोन रुपये जास्तीनं विकलेला आहे, म्हणून सांगतो.

काटा

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो, एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा. वर प्लास्टिकची टोपली ठेवायची, आकडा शून्यावर आणायचा, जनावर अलगद टोपलीत. दर रविवारी सकाळी, खाणं देण्याआधी. आकडा वहीत. माझ्याकडे दुकानाच्या उधारीच्या वह्या उरल्या होत्या, त्यातल्याच एकीत दोन रकाने पाडले.

मोठ्या गिनी पिगचं वजन साधारण 700 ते 1200 ग्रॅम असतं, पण आपल्याला या आकड्याचं काही देणंघेणं नाही. आपल्याला पाहायचं ते इतकंच, की मागच्या रविवारपेक्षा किती सरकलं. 50 ग्रॅम उतरलं तर कान टवकारायचे, खाणं आणि लेंड्या पाहायच्या. 100 ग्रॅम उतरलं तर डॉक्टर. केसांचा एवढा भार असतो की हाडं वर आली तरी डोळ्यांना दिसत नाहीत. हातात घेऊन पाठीवरून बोट फिरवलं तर कळतं, तेही उशिरा.

वजन जागच्या जागी आहे, खाणंपिणं ठीक आहे, तर जे पेलेट सुरू आहे ते चांगलं असल्यास तेच चालू द्या. वजन वाढत असेल तर पेलेट थोडं कमी करा, कारण म्हातारपणी हालचाल कमी होते आणि जाड अंगाचा भार दुखऱ्या पायांवर येतो. वजन उतरत असेल तर मात्र वाटी भरून देण्याची घाई नको. पहिल्यांदा उतरतंय कशानं ते शोधा. दात, लघवी, किडनी, उन्हाळा, काहीही असू शकतं. त्यातलं निम्मं पेलेटनं सुधारणारं नसतं.

पाकीट वाचणं

दर्शनी बाजूला गिनी पिगचा गोंडस फोटो असतो, तो सोडा. पाकीट पालथं करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. पहिला शब्द टिमोथी गवत किंवा दुसरं एखादं गवत असायला हवं. मका, गहू, सोयाबीन यांनी यादी सुरू होत असेल तर ते पाकीट परत ठेवा. रंगीत तुकडे, सुकवलेली फळं, सूर्यफुलाच्या बिया मिसळलेलं तर हातातच घेऊ नका. त्यातलं गोड तेवढं वेचून खातात आणि कामाचं तसंच राहतं. आमच्या घरी चिवड्यातले शेंगदाणे जसे आधी संपतात, तसंच.

आता खरी मेख. यादीत पहिला शब्द अल्फाल्फा असेल तर थांबा. युरोपातून आलेल्या पाकिटावर त्यालाच ल्यूसर्न म्हणतात. आणि आपल्या शेतकऱ्याला विचाराल तर तो सांगेल, हे तर लसूणघास, दुभत्या गाईला घालतो. हव, तेच. तीन नावं, वस्तू एक. लसूणघासात टिमोथीच्या साधारण तिप्पट कॅल्शियम असतं, प्रथिनंही जास्त. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू, गाभण किंवा पाजणारी मादी, यांना ते लागतं. बाकी सगळ्यांना, म्हाताऱ्यांना तर नक्कीच, टिमोथीचं.

हे मला आधी कुणी सांगितलं नाही असं म्हणणार नाही. पाकिटावर लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही. पोट्टीनं पिल्लं असताना आणलेलं पाकीट रिकामं झालं, मी त्याचा फोटो काढून तेच पुन्हा मागवलं, आणि अडीच वर्षं मागवत राहिलो. पोहा चार वर्षांची झाली तेव्हा एक दिवस लघवी करताना किंचाळली. पांढऱ्या फडक्यावर गुलाबी डाग. एक्स-रेमध्ये मूत्राशयात मटाराएवढा खडा. गिनी पिगच्या मूत्राशयातले खडे बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. डॉक्टर म्हणाले, खडा केवळ खाण्यानंच होतो असं नाही. पाणी कमी पिणं असतं, वजन असतं, एखाद्याची प्रकृतीच तशी असते. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. ऑपरेशन झालं, पोहा वाचली, आणि मी त्या दिवसापासून पाकीट चष्मा लावून वाचतो.

एकाच कंपनीचीही दोन पाकिटं असतात, हे लक्षात ठेवा. ऑक्सबो या अमेरिकी कंपनीचं लहानांसाठीचं पेलेट अल्फाल्फावर आहे आणि मोठ्यांसाठीचं टिमोथीवर. फोटोवरून ऑर्डर केली की गफलत ठरलेली.

मग आकड्यांची चौकट. कॅल्शियम 0.4 ते 0.7 टक्क्यांच्या आसपास असावं, एकच्या वर गेलं तर म्हाताऱ्याला नको. तंतू, म्हणजे फायबर, 20 टक्क्यांच्या पुढे. प्रथिनं 14 ते 16 टक्के पुरेत. क जीवनसत्त्व घातलंय असं लिहिलेलं असलंच पाहिजे. "स्थिर" किंवा "स्टॅबिलाइज्ड" असा शब्द त्याच्यासोबत असेल तर चार पैसे जास्त द्या, कारण साधं क जीवनसत्त्व टिकत नाही.

सुट्टं पेलेट घेऊ नका. एकदा आमचं पाकीट यायला उशीर झाला म्हणून एका दुकानातून किलोभर सुट्टं आणलं. दुकानदार म्हणाला, ससा काय नि हे काय, सारखंच खातात. घरी आणून नाकाला लावलं तर जुन्या पोत्याचा वास. ससा आणि गिनी पिग सारखे नाहीत. सशाचं शरीर क जीवनसत्त्व स्वतः बनवतं, म्हणून त्याच्या पेलेटमध्ये ते घालत नाहीत. गिनी पिगला ते आपल्यासारखंच खाण्यातून मिळवावं लागतं. 1907 साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक या दोघांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर ठेवून पाहिलं, तर खलाशांना व्हायचा तो स्कर्व्ही त्यांना झाला. आयुष्यभर धान्य विकलेल्या माणसाला हे वाचून जरा वाईटच वाटलं. शिवाय काही सशांच्या खाद्यात औषधं मिसळलेली असतात, ती वेगळीच भानगड.

तारीख आणि नागपूरचा मे महिना

इथे मी थोडा लांबण लावणार आहे, कारण पुण्या-मुंबईच्या माणसाला हे एवढं जाचत नाही.

गिनी पिगला दर किलो वजनामागे रोज 10 ते 30 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. आजारी असेल तर वरच्या टोकाकडे. उष्णता, ओल, उजेड आणि हवा, चौघंही त्याचे शत्रू. जुना नियम असा, की पेलेट थंड जागी ठेवून गिरणीतून निघाल्यापासून 90 दिवसांत संपवायचं. स्थिर केलेलं जीवनसत्त्व त्याहून जास्त टिकतं. पण थंड जागा म्हणजे 22 अंशांच्या खाली, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 45. गोदामात, डिलिव्हरीच्या गाडीत, पत्र्याखालच्या दुकानात त्या पाकिटाचं काय होत असेल ते तुम्हीच पाहा. "बेस्ट बिफोर" पुढच्या वर्षीचं असतं, पण ते पेलेट खराब होण्याबद्दल आहे. आतलं जीवनसत्त्व त्याआधीच उडालेलं असू शकतं. म्हणून पाहायची ती तयार झाल्याची तारीख. ऑनलाइन घेताना ती दिसत नाही, तेव्हा विकणाऱ्याला विचारा, फोटो मागा. देत नसेल तर तो माल त्याच्याकडेच पडीक राहू द्या.

मी काय करतो ते सांगतो. मार्च संपायच्या आत, ऊन तापण्याआधी, ताज्या तारखेचं, पावसापर्यंत पुरेल एवढं पेलेट मागवतो. ते फोडून दोन हवाबंद डब्यांत भरतो. एक फ्रीजमध्ये, एक लहान डबा आठवड्याच्या वापराचा. मृगाचा पाऊस पडून हवा उतरेपर्यंत नवीन ऑर्डर नाही. आमच्या सौ. आधी कुरकुरल्या, "अहो, कैरीच्या पन्ह्याला जागा नाही आणि उंदराचं खाणं फ्रीजमध्ये!" आता त्याच त्या डब्याचं झाकण घट्ट लागलं का ते पाहतात.

डबा कूलरच्या वाऱ्यात ठेवू नका. हे मी अनुभवानं सांगतो. वाळ्याच्या ताट्यांतून येणारा वारा आपल्याला गार वाटतो, पण तो ओला असतो. त्या ओलीनं पेलेट मऊ पडतं, मग बुरशी धरते. पेलेट दोन बोटांत धरून मोडून पाहा. कट्कन तुटलं तर ठीक, वाकलं किंवा चुरगळलं तर ओल लागली. वास गवतासारखा यायला हवा. कुबट आला तर अख्खा डबा फेका, वरचं वरचं काढून खालचं वापरू नका. पावसाळ्यात हीच काळजी दुप्पट. डब्याच्या तळाला साचलेली पूड पिठाच्या चाळणीनं चाळून टाका. ती नाकात जाऊन शिंका येतात आणि ती कुणी खातही नाही.

पाकीट केवढं घ्यायचं, हा हिशेब माझ्यासारख्या जुन्या दुकानदाराला विचारा. एका गिनी पिगला दिवसाला आठवा भाग कप, म्हणजे सपाट दोन टेबलस्पून, माझ्या काट्यावर 18 ते 20 ग्रॅम. दोघींना 40. महिन्याला 1 किलो 200 ग्रॅम. दोन किलोचं पाकीट पन्नास दिवसांत संपतं, म्हणजे ठीक. पण घरात एकटंच जनावर असेल तर तेच पाकीट शंभर दिवस पुरतं, आणि शेवटचा महिना तुम्ही नुसता चुरा खाऊ घालत असता. स्वस्त पडतं म्हणून पाच किलोची पिशवी घेणारे मी पाहिलेत. गिऱ्हाईक म्हणून मला आवडले असते.

पेलेट कितीही चांगलं असो, क जीवनसत्त्वासाठी त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका. रोज शिमला मिरचीची 20 ग्रॅमची फोड द्या, हिरवीतून साधारण 16 मिलिग्रॅम मिळतं, लालमधून त्याहून जास्त. सोबत थोडा सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, पण जुडीच्या जुडी नाही, त्यात कॅल्शियम असतं. पालक टाळा. जाम, म्हणजे पेरू, जीवनसत्त्वाच्या बाबतीत संत्र्याच्या कितीतरी पुढे, पण साखर आहे, तेव्हा आठवड्यातून नखाएवढा तुकडा. नागपुरात राहून संत्रं देत नाही म्हटलं तर लोक हसतात. देतो, एखादी फोड, तीही हिवाळ्यात. पाण्याच्या बाटलीत जीवनसत्त्वाचे थेंब टाकू नका. उजेडात ते लवकर नासतं, आणि चव बदलली की जनावर पाणीच कमी पितं, जे खड्याच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट.

एक सावधगिरी. म्हातारं गिनी पिग पाय ओढत चालायला लागलं की आपण म्हणतो, वय झालं, सांधे दुखत असतील. असतीलही. पण क जीवनसत्त्व कमी पडलं तरी सांधे सुजतात, केस राठ होतात, जनावर हलायला नको म्हणतं. दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं. म्हातारपणावर खापर फोडण्याआधी डब्यावरची तारीख पाहा आणि डॉक्टरांना दाखवा.

दात

गिनी पिगचे वीसच्या वीस दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजतात गवत चघळून. पेलेट कडक असतं म्हणून त्यानं दात झिजतात हा गैरसमज आहे, ते दोन चाव्यांत मोडतं. म्हणून टिमोथी गवताचा ढीग चोवीस तास समोर हवा, तेच खरं जेवण, पेलेट म्हणजे लोणचं. गवत महाग पडतं हे मान्य. मी अर्धं टिमोथी आणि अर्धी सावलीत वाळवलेली हराळी देतो, जिथे फवारणी होत नाही अशा ओळखीच्या शेतातली. गोठ्यातलं कुटार, म्हणजे भुसा, चालणार नाही, त्यात धूळ आणि टोकं दोन्ही.

म्हातारपणी दाढा वाकड्या वाढायला लागतात. खुणा अशा: हनुवटी ओली राहते. काकडी तोंडात घेतली आणि सोडली. वाटीकडे धावत येतं, हुंगतं, आणि उभंच राहतं. भूक आहे, पण चावता येत नाही. असं जनावर पेलेट बदलून बरं होत नाही, दात पाहणारा डॉक्टर लागतो. आपल्याकडे सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. खाजगी डॉक्टरांकडे गेलात तर फोनवरच विचारून घ्या, गिनी पिग पाहता का. आणि औषध लिहून दिलं तर नम्रपणे एकदा विचारा, हे गिनी पिगला चालतं ना? पोटातून दिलेलं पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन कुत्र्याला चालतं, पण गिनी पिगच्या आतड्यांतले चांगले जंतू मारून त्याचा जीव घेऊ शकतं.

दात दाखवून झाले, आणि तरी चावायला त्रास आहे, तर पेलेट भिजवून द्या. इथे पेलेटची निवड पुन्हा कामाला येते. घेण्याआधी वाटीची परीक्षा करा: चार-पाच दाणे कोमट पाण्यात टाका. चांगलं गवताचं पेलेट दहा मिनिटांत फुगून सैल होतं, लापशीसारखं. काही धान्याचे दाणे चिकट गोळा होतात, ते म्हाताऱ्याच्या तोंडात अडकतात, नको. लापशी घट्टसर ठेवा, बशीत द्या, आणि उन्हाळ्यात तास-दीड तासात उरलेली उचला, ती आंबते. तर्रीला मी सकाळी अर्धं भिजवलेलं आणि रात्री अर्धं कोरडं देतो.

आणि कोणत्याही कारणानं बारा तास काही खाल्लं नाही तर वाट पाहू नका. यांचं आतडं थांबलं की पुन्हा चालू होणं कठीण. फक्त उन्हाळ्यात एक ध्यानात ठेवा, खोली तिशीच्या वर गेली की यांना उष्माघात होऊ शकतो. मेमध्ये जनावर लोळून पडलेलं असेल, धापा टाकत असेल, तर दोष पेलेटचा नाही, आधी गार जागी न्या आणि डॉक्टरांना फोन लावा.

बदलायचं कसं

हे लवकर उरकतो. एकदम बदलू नका, दोन आठवडे घ्या. पहिले चार दिवस तीन भाग जुनं एक भाग नवीन, मग अर्धं-अर्धं, मग एक-तीन. म्हातारी जनावरं भल्ली हट्टी, लहानपणी जे खाल्लं तेच अन्न मानतात. पोहानं टिमोथीचे दाणे वाटीतून नाकानं बाहेर ढकलले होते, एकेक वेचून, जसे माझे वडील भाजीतलं वांगं काढायचे. मी नवीन पेलेट आठवडाभर जुन्याच्या डब्यात पुरून ठेवलं, जुना वास लागला, मग खाल्लं. या दोन आठवड्यांत वजन रविवारीच नाही, एक दिवसाआड करा. लेंड्या लहान किंवा मऊ झाल्या तर एक पायरी मागे या.

खूप वाळलेल्या म्हाताऱ्याला काही डॉक्टर थोडं अल्फाल्फा द्यायला सांगतात. लघवी तपासून आणि ठरावीक दिवसांपुरतं सांगितलं असेल तर द्या. स्वतःच्या मनानं नाही.

पोहा गेल्या दिवाळीनंतर गेली, खड्यानं नाही, झोपेत. तर्री सहा वर्षांची आहे, या रविवारी 874 ग्रॅम, मागच्यापेक्षा सहा कमी, म्हणजे काही नाही. दोन किलोचं पाकीट आता मी घेत नाही, एक किलोचंच घेतो. ते पन्नास दिवस जातं.